गाण्यात बोलतंय कोण? कहाणी सांगणाऱ्या पॉप बँडांची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी सध्या बीटल्स या इंग्लिश बँडचं ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणं रोज वाजतं. परवा भाचीने विचारलं, “मावशी, ही मुलगी खरंच घर सोडून गेली होती का गं?” हो, गेली होती. 1967 साली बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने घरातून निघून गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलीची बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि त्यातून हे गाणं झालं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की ती मुलगी गाण्यात एकदाही बोलत नाही. तिची पहाट निवेदक सांगतो आणि मध्येच बँडमधल्याच जॉन लेननच्या आवाजात आईवडिलांची तक्रार ऐकू येते: आम्ही हिच्यासाठी काय कमी केलं? साथीला फक्त व्हायोलिनच्या कुळातली वाद्यं आणि हार्प. बँडमधल्या एकानेही वाद्य हातात घेतलेलं नाही. साडेतीन मिनिटांत एक घर मोडतं आणि चूक कुणाची, हे गाणं सांगत नाही.

हा संयम बीटल्सना वारशाने मिळाला होता. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये शतकानुशतकं बॅलडं, म्हणजे कहाणी सांगणारी लोकगीतं, गायली गेली. बॅलड घटनेच्या ऐन मध्यात सुरू होतं, दोघांच्या बोलण्यातून पुढे सरकतं आणि कारणं उलगडत बसत नाही. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने अशी 305 बॅलडं 1882 ते 1898 या काळात छापली. त्याच सुमारास, 1891 साली, ॲक्वर्थ नावाचा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी आपल्याकडचे ऐतिहासिक पोवाडे गोळा करून प्रसिद्ध केले. अज्ञानदासाचा अफझलखानवध आणि तुळशीदासाचा सिंहगड आपण वाचू शकतो, त्यात या खटपटीचा मोठा वाटा आहे. डफ-तुणतुण्याच्या साथीने उभा राहून शाहीर प्रसंग डोळ्यांसमोर आणतो. फरक एवढाच, की त्याची बाजू आधीच ठरलेली असते.

लंडनच्या रस्त्यांवर एका बाजूला छापलेले बॅलडचे कागद पेनीला विकले जात आणि वर लिहिलेलं असे, ‘अमुक गाण्याच्या चालीवर’. आपल्या जुन्या पद्यसंग्रहांत कवितेच्या डोक्यावर ‘चाल :’ दिसते, तशीच ही सोय. शब्द नवे, सूर ओळखीचा, त्यामुळे ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष कहाणीकडे.

ध्वनिमुद्रण आलं तेव्हा मात्र या लांबलचक गाण्यांची पंचाईत झाली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. पन्नास कडव्यांचं बॅलड तिथे बसवायचं कसं? कडवी गळाली, प्रसंग आटले, पण ज्या ओळी उरल्या त्यांना धार आली. 1964 साली ॲनिमल्स या बँडने ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे जुनं लोकगीत चार मिनिटांच्या वर नेलं आणि ते ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. न्यू ऑर्लिन्समधल्या त्या घरात आपलं आयुष्य नासलं, असं जुन्या अनेक पाठांत एक बाई सांगते. ॲनिमल्सनी ते जुगाऱ्याच्या मुलाच्या तोंडी दिलं. एवढ्या बदलाने तेच घर वेगळं दिसू लागतं.

इथून मी थेट ग्वाल्हेरला येते, कारण ‘बोलतंय कोण’ हा प्रश्न इथल्या मराठी माणसाला नवा नाही. भास्कर रामचंद्र तांबे इथले राजकवी. 1941 साली ते इथेच वारले. रॉबर्ट ब्राउनिंग त्यांचा आवडता कवी. ब्राउनिंगने 1842 सालच्या ‘ड्रमॅटिक लिरिक्स’मध्ये स्वतः बाजूला होऊन पात्रांना बोलायला लावलं. त्यातला एक सरदार आपल्या मृत पत्नीचं चित्र पाहुण्याला दाखवतो आणि बोलता बोलता नकळत स्वतःचंच क्रौर्य उघडं करतो. तांब्यांनी ही रीत मराठीत आणली आणि तिला नाट्यगीत हे नाव रूढ झालं. त्यांच्या कवितांवर राग लिहिलेला असतो आणि कित्येक कवितांखाली ठिकाण म्हणून ‘लष्कर-ग्वाल्हेर’. ‘नववधू प्रिया मी बावरते’ आपण लता मंगेशकरांच्या आवाजात ऐकत आलो. माझ्या आईला ते सासरी निघालेल्या मुलीचं गाणं वाटायचं. ती नववधू म्हणजे जीव आणि प्रियकराचं घर म्हणजे पलीकडचं, हे मला फार उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

हेच कान घेऊन पॉप बँडांकडे गेलं की त्यांच्या शब्दांतलं काम दिसू लागतं. ‘शीज लीव्हिंग होम’ ज्यात आहे त्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या वेष्टणाच्या मागे बीटल्सनी सगळी गाणी छापली, म्हणजे शब्द वाचायचेही असतात हे मान्य झालं. त्याच 1967 साली किंक्स या बँडच्या ‘वॉटर्लू सनसेट’मध्ये खिडकीशी बसलेला एकटा माणूस टेरी आणि ज्युली या जोडप्याला नदीपलीकडे जाताना बघतो. त्याची स्वतःची कहाणी शून्य, आणि गाणं मात्र त्याचंच. पल्प या बँडच्या 1995 सालच्या ‘कॉमन पीपल’मध्ये श्रीमंत मुलीला गरिबांसारखं जगून बघायचं असतं. सांगणारा आधी गंमतीत घेतो, मग त्याचा आवाज चढत जातो.

माझं सर्वांत आवडतं स्क्वीझ या बँडचं ‘अप द जंक्शन’, 1979 सालचं. ख्रिस डिफर्डचे शब्द, ग्लेन टिलब्रुकची चाल. एक तरुण ओळख, संसार, मूल, दारू आणि ताटातूट सांगत जातो. परत परत येणारं ध्रुवपदच नाही, कारण त्याच्या आयुष्यात मागे फिरायला जागा नाही. शीर्षकाचे शब्द येतात ते अगदी शेवटच्या ओळीत. चाल इतकी हसरी, की पहिल्यांदा ऐकताना दुःख हाताला लागत नाही.

सध्या भाचीने डिसेंबरिस्ट्स या बँडचा 2006 सालचा ‘द क्रेन वाइफ’ हा अल्बम लावला आहे. कथा जपानी. बाण लागलेल्या करकोच्याला एक गरीब माणूस वाचवतो. तो पक्षी स्त्री होऊन त्याच्या घरी येतो आणि स्वतःची पिसं उपटून कापड विणतो. न बघण्याचं वचन नवरा मोडतो आणि ती उडून जाते. अल्बमची सुरुवात मात्र तिसऱ्या भागाने, नवऱ्याच्या पश्चात्तापाने होते. पहिला आणि दुसरा भाग शेवटाकडे येतात. भाचीने काल तिन्ही भाग सरळ क्रमाने लावून पाहिले आणि म्हणाली, “मावशी, असं नाही बरं वाटत. आधी त्याचं रडणंच पाहिजे.” मग पुन्हा तिसऱ्यापासून लावलं.