प्रतिपालकत्वातील बालकांची शालेय पूर्वतयारी (पुणे)

आईवडील सांभाळू शकत नसल्याने बालकल्याण समितीच्या आदेशावरून दुसऱ्या कुटुंबात राहणाऱ्या लहान मुलांना बालवाडी किंवा पहिलीसाठी तयार करणे. या व्यवस्थेला कायद्याचा आधार आहे तो बाल न्याय अधिनियम, 2015 मधील कलम 44 चा. दत्तकविधानात मुलाचे कायदेशीर आईवडील बदलतात, येथे ते बदलत नाहीत. त्यामुळे हजेरीपटावर एक आडनाव आणि राहत्या घराच्या पाटीवर दुसरे, असे सर्रास होते. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क अधिनियम, 2009 ने स्पष्ट केले आहे.

राज्याचे महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यातच आहे, आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदही. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 2022 मध्ये सुरू झालेले ‘पहिले पाऊल’ हे अभियान माता गटांवर उभे आहे. सांभाळणारी आजी, मावशी किंवा नात्याबाहेरची काकू असेल तर तिलाही त्या गटात धरावे लागते. ‘माता’ हा शब्द इथे जरा तोकडा पडतो.

अक्षरओळख आणि अंक मागाहून येतात. खरी अडचण ‘सोडणे’ या क्रियापदात आहे. ‘चल, तुला शाळेत सोडते’ हे वाक्य इतर मुलांना रोजचे. एकदा घर सुटलेल्या मुलाला मात्र त्यात दुसराच अर्थ ऐकू येतो. म्हणून ‘आणायला कोण, कधी येणार’ हे आधी सांगतात, तेही घड्याळाच्या भाषेत नव्हे: डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की काकू फाटकाशी. सांगितलेली व्यक्तीच यायला हवी. पहिल्याच आठवड्यात रिक्षाकाकांच्या हवाली करणे टाळलेले बरे. जूनच्या मध्यात शाळा उघडण्याआधी रिकामा वर्ग, नळ आणि संडास दाखवून आणले, तर अर्धी भीती तिथेच जिरते. काही मुले डब्यातली पोळी दप्तरात लपवून ठेवतात. ती चोरी समजू नये. पुढचे जेवण मिळेल याचा भरवसा अजून बसलेला नसतो.

वर्गशिक्षिकेला गरजेपुरतेच सांगतात, सगळा पूर्वेतिहास नव्हे. एवढे मात्र नक्की सांगावे, की ‘माझे कुटुंब’ या चित्रात मुलाने दोन घरे काढली तर एक खोडायला लावू नये.