कूपन, पोस्टकार्ड, मिस्ड कॉल आणि मग बटण

घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या गृहप्रकल्पाचा ईमेल उघडा. वर चकचकीत फोटो, मध्ये तलाव आणि डोंगराचं वर्णन, आणि खाली एक रंगीत चौकोन : ‘साइट व्हिजिट ठरवा’. ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या मार्केटिंगच्या टीममध्ये या चौकोनाला सीटीए म्हणतात, म्हणजे ‘कॉल टू ॲक्शन’, वाचकाला काहीतरी करायला सांगणारं आवाहन. तिथे दोन-तीन शब्दच लिहायचे असतात, पण बाकीच्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त वाद त्यांच्यावरच होतो. हा वाद ईमेलपेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे. वाचकाला प्रतिसाद द्यायला किती पैसे, किती वेळ, किती धोका पत्करावा लागतो, यावर ते शब्द प्रत्येक काळात ठरत आले.

शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये टपालाने माल विकायला सुरुवात केली, तेव्हा दूरच्या शेतकऱ्याने न पाहिलेल्या वस्तूसाठी पैसे पाठवायचे होते. आपल्याकडे ही अडचण टपाल खात्यानेच सोडवली. १८७७ मध्ये व्ही.पी.पी. आली. पार्सल दारात आलं की पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे. दोन वर्षांनी पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. आता जाहिरातदाराला ‘पैसे पाठवा’ म्हणायची गरज उरली नाही, ‘कार्ड टाका’ एवढं पुरे होतं. मागणी सोपी झाली ती खात्याच्या सोयीमुळे, त्यात शब्दांची करामत फारशी नव्हती. हा मुद्दा जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्यांना सहसा आवडत नाही.

मोजमापाची शिस्त अमेरिकेतून आली. जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ च्या आपल्या पुस्तकात कूपनवर खूण घालण्याची पद्धत ठामपणे मांडली. एकच जाहिरात दोन प्रकारे छापायची, पत्त्यातला विभाग क्रमांक वेगळा द्यायचा आणि कुठल्या क्रमांकावर जास्त कूपनं परत आली ते मोजायचं. आज लिंकच्या शेपटीला जी लांबलचक अक्षरं जोडलेली असतात, ती याच विभाग क्रमांकाची नातवंडं.

मराठी जाहिरातींचा बाज याच्याशी समांतर, पण वेगळा वाढला. ‘एकदा अवश्य भेट द्या’, ‘संधी दवडू नका’, ‘मर्यादित जागा, आजच प्रवेश घ्या’. नाटकाच्या जाहिरातीत तर क्रियापदही नसायचं, नुसतं ‘प्लॅन चालू’ छापलं की गडकरी रंगायतनच्या खिडकीवर जायचं हे ठाणेकराला सांगावं लागत नव्हतं. माझ्या मते आपल्याकडे लिहिली गेलेली ही सर्वांत चांगली आवाहनं : काय उपलब्ध आहे ते सांगितलं, ओरडा केला नाही. मग मिस्ड कॉल आला. प्रतिसादाचा खर्च शून्य. बंगळुरूच्या झिपडायलने २०१० पासून त्यावर धंदा उभा केला आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती कंपनी घेतली.

ईमेलची सुरुवात मात्र गोंधळात झाली. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या, जवळजवळ ४०० जणांना एकच संदेश धाडला. सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत, पत्ते इतके की काही मजकुरातच सांडलेले. कॅलिफोर्नियात दोन ठिकाणी नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक आहे, पाहायला या, जमत नसेल तर जवळच्या कार्यालयाशी संपर्क साधा. तक्रारी झाल्या, समजही मिळाली, आणि थर्क यांच्या म्हणण्यानुसार एक कोटी डॉलरहून जास्त विक्रीही झाली. त्या संदेशात दाबायला काहीच नव्हतं. वाचकाला उठून गाडी काढून जायचं होतं.

जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. तिथून जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली मोफत ईमेल घेण्याचं एका ओळीचं आमंत्रण असायचं. ओळ साधीच होती, पण ती ओळखीच्या माणसाच्या पत्राखाली असायची. दीड वर्षात सुमारे १ कोटी २० लाख खाती झाली.

पुढे ईमेलला रंग आणि चित्रं आली, तशी बटणंही चित्रं म्हणून डकवली जाऊ लागली. अनेक मेलपेट्या चित्रं आपोआप दाखवत नसत, म्हणजे बटणच गायब. आउटलुक २००७ ने तर ईमेल दाखवायचं काम वर्डच्या यंत्रणेकडे दिलं आणि डिझाइनरांची झोप उडाली. चित्राऐवजी टेबलच्या कोडमधून बटण रंगवायची कला तेव्हाची.

शब्दांबाबतचा सर्वाधिक सांगितला जाणारा प्रयोग ईमेलमधला नाही, ईमेल गोळा करणाऱ्या पानावरचा आहे. डिसेंबर २००७ मध्ये ओबामांच्या प्रचारात डॅन सिरोकर यांच्या चमूने चार बटणं आणि सहा फोटो-व्हिडिओ यांच्या २४ जोड्या तीन लाखांहून जास्त लोकांसमोर तपासल्या. ‘नाव नोंदवा’पेक्षा ‘अधिक जाणून घ्या’ या अर्थाचं बटण १८.६ टक्क्यांनी पुढे गेलं. कुटुंबाच्या फोटोसोबत नोंदणीतली एकूण वाढ ४०.६ टक्के. वाचकाकडून कमी मागितलं म्हणून जास्त मिळालं. ही कथा ऐकून नौपाड्यातला क्लासवालाही आपल्या दीड हजार पालकांच्या यादीवर तशी चाचणी करू पाहतो, तिथे गडबड होते. ७५० जणांच्या एका गटात १५ क्लिक, दुसऱ्यात १९. हा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. त्यावर बटणाचा रंग ठरवणं म्हणजे नाणं उडवणं. त्यापेक्षा चार पालकांना फोन करून विचारलेलं बरं.

फुकट प्रतिसादाचा अतिरेक झाला तसे नियम आले. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने यादीतून नाव काढून घेण्याची सोय सक्तीची केली. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपने किती जणांनी पत्र उघडलं याचा हिशेब बेभरवशाचा केला, त्यामुळे क्लिकचं वजन वाढलं. २०२४ मध्ये गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणात जाहिराती पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय देणं भाग पाडलं; स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या, हेही बजावलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. खोटी घाई करणं त्यात आहे, आणि ‘नको, मला बचत नको’ असं लिहून ग्राहकाला लाजवणंही. ‘शेवटचे दोन फ्लॅट’ महिनोन्‌महिने शेवटचेच राहतात, ती पद्धत आता नुसती जुनाट नाही, अंगाशी येणारी आहे.

महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या, काम पूर्ण व्हायची तारीख समोर येते. म्हणजे बिल्डरच्या आवाहनाशेजारी आता दुसरंही एक आवाहन उभं असतं, पडताळून पाहा म्हणणारं. अशा शेजारात ‘किंमत पाहा’ असं बटण लावायचं असेल तर पुढच्या पानावर किंमतच असायला हवी, मोबाइल नंबर मागणारा फॉर्म नव्हे. नंबरच हवा असेल तर बटणावर ‘आम्हाला फोन करू द्या’ लिहावं. क्लिक कमी येतील, पण जे येतील ते फोन उचलतील.