पिशवी काढली म्हणजे नक्की काय काय काढलं?

जाऊबाईंचं आणि माझं "सेम ऑपरेशन" झालंय असं घरात सगळे धरून चालतात. त्यांचं 42व्या वर्षी, माझं 37व्या. दोघींची पिशवी काढली, दोघींची पाळीची कटकट गेली, विषय संपला. पण त्या दीड-दोन महिन्यांत उठून कामाला लागल्या आणि मी तीन महिन्यांनंतरही रात्री अडीचला घामाने चिंब झालेला गाऊन बदलत बसलेली, सांधे दुखतायत, झोप नाही, साधं गॅसवर काय ठेवलंय ते आठवत नाही, तर साहजिकच लोकांना वाटलं ही जरा जास्तच करतेय. मलाही तेच वाटायला लागलं होतं.

मग एकदा फाइली आवरताना दोघींची डिस्चार्ज कार्डं शेजारी शेजारी आली. त्यांच्यावर टाइप केलंय टीएलएच विथ बीएस. माझ्यावर टीएलएच विथ बीएसओ. बाकी सगळं तेच, एक ओ जास्त. तर हे सगळं त्या एका ओ बद्दल आहे, कारण तो बऱ्याच जणींना माहितीच नसतो आणि मग एकीचा सल्ला दुसरीला लागू करतात आणि गोंधळ होतो.

टीएलएच म्हणजे दुर्बिणीतून केलेली टोटल हिस्टरेक्टॉमी. इथेच पहिली फसगत. टोटल ऐकलं की वाटतं आतलं सगळंच काढलं. तसं नाहीये. टोटल म्हणजे पिशवी आणि पिशवीचं तोंड, बस्स. तोंड ठेवलं तर सबटोटल (मग पॅप स्मिअर, म्हणजे तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, पुढेही करत राहावी लागते, आणि काहींना महिन्याच्या महिन्याला थोडासा डागही दिसतो). अंडाशयांचा या टोटल शब्दाशी काही संबंध नाही. ती काढली का ठेवली हे पुढच्या अक्षरांत असतं. बीएस म्हणजे दोन्ही बाजूच्या, अंडाशयाकडून पिशवीकडे बीज नेणाऱ्या नळ्या काढल्या, त्या हल्ली बऱ्याचदा काढतातच कारण ओव्हरीचे, म्हणजे अंडाशयाचे, म्हणून ओळखले जाणारे बरेचसे कॅन्सर मुळात नळीच्या टोकाला सुरू होतात असं लक्षात आलंय. आणि शेवटी ओ लागला की ऊफोरेक्टॉमी, म्हणजे अंडाशयंही गेली. कॅन्सरसाठी जी रॅडिकल हिस्टरेक्टॉमी करतात, नाव केवढं भयंकर, त्यातसुद्धा वय कमी असेल तर कधीकधी अंडाशयं ठेवतात. म्हणजे ऑपरेशनच्या नावावरून घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका, अक्षरं बघा.

एवढा फरक का पडतो? कारण पाळी दिसते पिशवीतून पण आणतं अंडाशय. पिशवी काढली की रक्त जायला काही उरत नाही, मूलही राहू शकत नाही, पण बदामाएवढी ती दोन अंडाशयं आपली जागच्या जागी असतात आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, थोडं टेस्टोस्टेरॉन बनवत राहतात. दर महिन्याला बीजही सुटतं, ते पोटातच विरून जातं. जाऊबाईंना अजूनही महिन्यातले चार दिवस स्तन दुखतात, चिडचिड होते, आणि त्या म्हणतात "अगं पाळी येणार असं वाटतंय गं", आणि मग आठवतं की येणार कुठून. हे अगदी नॉर्मल आहे. त्यांची पाळी गेली, पण मेनोपॉज, म्हणजे अंडाशयांचं काम थांबणं, आलेलाच नाही. या दोन गोष्टी आपल्या डोक्यात इतक्या चिकटलेल्या असतात की वेगळ्या करायला वेळ लागतो.

माझं उलटं. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं, दोन्ही अंडाशयांत त्याच्या जुन्या रक्ताच्या गाठी (चॉकलेट सिस्ट), सगळं एकमेकाला चिकटलेलं, त्यामुळे "ओव्हरीजही खराब आहेत, त्याही काढू" असं आदल्या संध्याकाळी सांगितलं, मी हो म्हणाले, फॉर्मवर सही माझीच आहे. पुढे काय होणार ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. त्यावेळी दुखणं एवढं होतं की आतून स्वयंपाकघर काढतो म्हणाले असते तरी हो म्हटलं असतं. (त्या हॉस्पिटलवर राग नाही, म्हणजे आहे थोडा.) तर मला मेनोपॉज आला, आणि तो येताना जिना उतरून आला नाही, वरून ढकलून दिल्यासारखा आला. एरवी बाईची पाळी जाते ती 45 ते 55च्या दरम्यान कधीतरी, त्याआधी काही वर्षं हॉर्मोन वरखाली होत होत उतरतात, शरीराला सवय होते, आणि नंतरही अंडाशयं थोडंफार टेस्टोस्टेरॉन देत राहतात. ऑपरेशनने अंडाशयं गेली की काही दिवसांतच इस्ट्रोजेन तळाला जातं. त्यामुळे गरम वाफा, घाम, झोप उडणं, धडधड, खालचा कोरडेपणा, इच्छा मरणं, हे सगळं एकदम आणि जोरात. याला सर्जिकल मेनोपॉज म्हणतात. 40च्या आत आला तर अकाली, 40 ते 45 मध्ये आला तर लवकरचा धरतात.

एक मधली गोष्ट पण आहे. एकच अंडाशय काढलं असेल तर उरलेलं एकटं बहुतेक वेळा काम सांभाळून घेतं. आणि दोन्ही ठेवली तरी ऑपरेशननंतर थोडे दिवस वाफा येऊ शकतात कारण रक्तपुरवठ्यात ढवळाढवळ झालेली असते, तेवढ्यावरून घाबरायचं नाही. पण पिशवी काढलेल्यांना मेनोपॉज इतरांपेक्षा काही वर्षं आधी येऊ शकतो, आणि पाळीच नसल्यामुळे तो आलेला कळत नाही. म्हणून जाऊबाईंना मी सांगून ठेवलंय की महिन्याची ती चिडचिड बंद झाली आणि घाम सुरू झाला की "वय झालं" म्हणून गप्प बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं, लागलं तर एफएसएचची टेस्ट करतील (अंडाशयं थकली की रक्तात वाढणारं हॉर्मोन). म्हणजे त्यांचा प्रश्न लांबचा आहे आणि माझा त्याच आठवड्यातला होता.

आता दुसरा गोंधळ, एचआरटीचा, म्हणजे शरीरात बनायचे थांबलेले हॉर्मोन गोळी, पॅच वगैरेतून बाहेरून देण्याचा. हा पहिल्यापेक्षा मोठा आहे कारण इथे भीती आहे. मला गोळ्या-पॅच सुरू झाले म्हटल्यावर ओळखीतल्या पाच जणींनी तरी सांगितलं की बाई गं हॉर्मोन नको, कॅन्सर होतो. ही भीती आली कुठून तर 2002 साली, अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाची मोठी ट्रायल चालू होती, त्यातला 16 हजारांवर बायकांचा एक भाग मध्येच थांबवला, कारण स्तनाचा कॅन्सर, हार्ट, स्ट्रोक, गुठळ्या यांचा धोका वाढलेला दिसला. बातमी जगभर गेली आणि लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पण त्या बायका कोण होत्या? सगळ्या 50 ते 79 वयाच्या, सरासरी 63. पिशवी शाबूत असलेल्या, इस्ट्रोजेन आणि सोबत प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं एक कृत्रिम हॉर्मोन, घेणाऱ्या. पिशवी काढलेल्या बायकांचा वेगळा गट होता, साधारण पावणेअकरा हजारांचा, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तो भाग 2004 मध्ये स्ट्रोकच्या धोक्यामुळे थांबवला, पण त्यात स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही, पुढच्या अनेक वर्षांच्या फॉलोअपमध्ये तर कमी निघाला. ही दुसरी बातमी कोणाच्या मावशीला माहिती नाही.

आणि मुख्य म्हणजे यात 37 वर्षांची एकही नव्हती. 60व्या वर्षी घेतलेली एचआरटी आणि 37व्या वर्षी घेतलेली एचआरटी, नाव एक पण हिशोब वेगळा. साठीत शरीरात जे निसर्गानेच कमी केलंय त्यात आपण वरून घालतो. तिशीत जे असायलाच हवं होतं आणि काढून टाकलं ते परत देतो. माझ्या वयाच्या बाकीच्या बायकांच्या अंगात हे हॉर्मोन फुकटात फिरतंय, त्यांना कोणी म्हणत नाही की बाई कॅन्सर होईल, बंद कर. म्हणून कमी वयात अंडाशयं गेली तर निदान नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नास-एक्कावन्नपर्यंत, हॉर्मोन घ्यावेत असंच मेनोपॉजवर काम करणाऱ्या मोठ्या संस्था सांगतात, घेऊ नयेत असं काही कारण नसेल तर. कारण म्हणजे मुख्यतः स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असणं, किंवा लिव्हरचं काही गंभीर. गुठळ्या होऊन गेल्या असतील तर तज्ज्ञाला विचारूनच. घरातल्या घरात ठरवायची गोष्ट नाही ही.

आणि न घेतल्याचाही धोका असतो, हे बोललंच जात नाही. मला आधी वाटायचं वाफा सहन केल्या की झालं, वाघीण वगैरे. पण इस्ट्रोजेनवाचून इतक्या लवकर सुरू झालेली वर्षं हाडांतून जातात, हृदयातून जातात. नर्सेस हेल्थ स्टडी म्हणून अमेरिकेतला फार मोठा अभ्यास आहे, त्याचा 2009 सालचा निष्कर्ष असा की साध्या, कॅन्सर नसलेल्या कारणासाठी पिशवी काढताना ज्यांची अंडाशयंही काढली त्यांच्यात स्तनाचा आणि ओव्हरीचा कॅन्सर कमी दिसला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त, आणि सगळ्यात वाईट आकडे कोणाचे तर पन्नाशीच्या आत काढलेल्या आणि इस्ट्रोजेन कधीच न घेतलेल्यांचे. त्यामुळे "आता मूल नकोय ना, मग ओव्हरीजही काढून टाकू, पुढची कटकट नको" हे जे सहज बोललं जातं ना, ते सहज नाहीये. ज्यांच्या बीआरसीए जीनमध्ये बिघाड आहे आणि त्यामुळे स्तनाच्या, ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका खूप जास्त आहे त्यांचं वेगळं, त्यांना 35 ते 45च्या दरम्यान, जीन कोणता त्यावरून, अंडाशयं काढायचा सल्ला मुद्दाम देतात आणि तो बरोबरच असतो.

पिशवी गेली की एचआरटीतला एक फायदा मात्र आपल्याला मिळतो. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, पिशवीचं अस्तर वाढत जाऊन कॅन्सर होऊ शकतो, हे 1975च्या सुमाराला लक्षात आलं आणि तेव्हापासून सोबत प्रोजेस्टेरॉन देतात. पिशवीच नाही तर अस्तर कुठलं, मग नुसतं इस्ट्रोजेन चालतं. मला मात्र इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही दिलंय, त्यामुळे आता जाणकार वाचक म्हणतील मग तुला दोन्ही का दिलं. मीही हेच विचारलं होतं, जरा तोऱ्यातच. तर एंडोमेट्रिओसिस असेल तर पिशवीबाहेर त्या अस्तरासारखे ठिपके मागे राहिलेले असू शकतात, ते नुसत्या इस्ट्रोजेनने परत जागे होऊ नयेत म्हणून काही जणींना प्रोजेस्टेरॉनही देतात. सबटोटलवाल्यांनीही हे विचारून घ्यावं, तोंडाकडे थोडं अस्तर उरलेलं असू शकतं.

गोळी की पॅच हा पण प्रश्न येतो. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि तिथे रक्त गोठवणाऱ्या गोष्टी वाढवते, म्हणून गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो. पॅच, जेल कातडीतून थेट रक्तात, नेहमीच्या डोसला तो धोका वाढलेला दिसत नाही. तरुण वयात डोसही जास्त लागतो, पन्नाशीतल्या मैत्रिणीचा 25 किंवा 50 मायक्रोग्रॅमचा पॅच बघून आपला 100चा आहे म्हणून घाबरायचं नाही. मला आधी 50चा दिला होता, वाफा कमी झाल्या पण झोप काही येईना, 100 केल्यावर साधारण तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले आणि उठून घड्याळ बंद पडलंय का ते बघितलं.

पॅच कंबरेखाली लावायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा, दरवेळी जागा वेगळी. काढला की कडेला कपड्याचे धागे चिकटून एक काळपट चौकट राहते, साबणाने जात नाही, थोडं तेल चोळलं की निघते. जेल लावत असाल तर सुकेपर्यंत लहान मुलांना उचलायचं नाही, हात धुवायचे, त्यांच्या अंगाला लागू द्यायचं नाही. खालच्या कोरडेपणाला आणि सारख्या होणाऱ्या युरिन इन्फेक्शनला पॅच पुरला नाही तर तिथे लावायचं वेगळं इस्ट्रोजेन क्रीम असतं, ते अंगात अगदी नावापुरतं शोषलं जातं. हे क्रीम मी लाजून दीड वर्षं मागितलंच नाही, काय मिळवलं देव जाणे. इच्छा अजिबातच मेली असेल तर थोड्या डोसमध्ये टेस्टोस्टेरॉनही देतात, तेही विचारायला हरकत नाही. हाडं किती घट्ट आहेत ते मोजणारा डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, आणि वजन पेलणारा व्यायाम, हे हॉर्मोन चालू असले तरी आहेच.

तर ज्यांचं होऊन गेलंय त्यांनी आधी डिस्चार्ज कार्ड काढा, ते सापडत नसेल तर बायोप्सीचा रिपोर्ट बघा, लॅबकडे काय काय गेलं ते त्यात लिहिलेलं असतं, पिशवी, नळ्या, अंडाशयं, मापांसकट. ज्यांचं व्हायचंय त्यांनी सहीआधी विचारा की ओव्हरीज ठेवणार का काढणार, काढणार तर का, आत गेल्यावर निर्णय बदलू शकतो का, आणि काढल्या तर हॉर्मोन कधी सुरू करणार. मला हा शेवटचा प्रश्न सुचला चार महिन्यांनी.

जाऊबाई आता 46च्या आहेत, मी 41ची. परवा त्या विचारत होत्या, तुझा तो पॅच मलाही चालेल का गं, हल्ली फार उकडतं. म्हटलं ताई, तुमचं वेगळं असेल, आधी दाखवून या. गुरुवारी माझा पॅच बदलायचा आहे आणि त्यांची अपॉइंटमेंट पण गुरुवारचीच मिळालीये.