टवका उडाला की पळा, तडा गेला की दम धरा

दगड बसला की आपल्याकडे गाडीच्या पुढच्या काचेचा निकाल दोन शब्दांत लागतो: ‘काच गेली.’ कुठे गेली, किती गेली, काही नाही. पार्किंगमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, गॅरेजच्या बाकड्यावर हेच ऐकून कान किटले, म्हणून हा प्रपंच. काचेचा उडालेला टवका आणि काचेला गेलेला तडा ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि वैताग असा, की लोक एकाचा उपाय दुसऱ्याला करतात. टवका उडालेला म्हणतो, ‘बारीकसा तर आहे, दिवाळीनंतर बघू.’ वीतभर तडा गेलेला त्याच संध्याकाळी मिळेल त्या दुकानात मिळेल ती काच बसवून मोकळा होतो. घाई पहिल्याने करायची असते आणि दम दुसऱ्याने धरायचा असतो.

काचेची रचना बहुतेकांना ठाऊक असते, तेव्हा थोडक्यात. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पडदा. दारांच्या आणि मागच्या काचा बहुधा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या. त्या फुटल्या की भुगाच होतो, भरून दुरुस्त करायला काही उरत नाही. खालचं सगळं फक्त पुढच्या काचेबद्दल.

दगड येतो कुठून? सगळे डंपरला शिव्या घालतात. खडी सांडते हे खरं, पण बरेचसे दगड आधीच रस्त्यावर पडलेले असतात आणि पुढच्या गाडीचं टायर त्यांना उडवतं. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे ताशी ५० ऐवजी १०० किलोमीटरने त्याच दगडाला भिडलात तर तडाखा चौपट. खडी वाहणाऱ्या डंपरच्या मागे चिकटून हॉर्न वाजवत बसणाऱ्यांबद्दल मी आणखी काही लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. टवका म्हणजे बाहेरच्या काचेचा तुकडा उडून पडलेला खड्डा. त्याच्या भोवती आणि खाली काच थोडी सुटलेली असते, पण ते सुटणं त्या जागेपुरतं थांबलेलं असतं. तडा म्हणजे दुभंगलेली काच, आणि तड्याला टोक असतं. सगळी गोम या टोकात आहे. काचेवर कुठूनही ताण आला की तो टोकाशी एकवटतो. कापडवाला आधी कात्रीने नखभर चीर देतो आणि मग हाताने टर्रकन फाडतो, तसंच. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ मध्ये याचं गणित मांडलं: तडा जितका लांब, तितका त्याला पुढे सरकायला लागणारा ताण कमी. म्हणजे तडा वाढत गेला की त्याचं वाढणं आणखी सोपं होत जातं. ‘आता थांबलाय वाटतं’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

इथेच लोक फसतात. ते आकारावरून ठरवतात: लहान तो टवका, मोठा तो तडा. नखाएवढा गोल, स्वच्छ कडांचा खड्डा एक वेळ बरेच दिवस गप्प बसेल. पण मुगाएवढा खड्डा आणि त्यातून निघालेले केसासारखे दोन-तीन पाय, ज्याला काचवाले ‘स्टार’ म्हणतात, तो दिसायला लहान असला तरी त्याच्या प्रत्येक पायाला टोक आहे. तो टवक्याच्या वेशातला तडाच. बघायची रीत सोपी आहे. काच कोरड्या कापडाने पुसा, संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च समोरून नव्हे तर काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि डोकं हळूहळू हलवा. पाय असतील तर रुपेरी रेघ एका कोनात चमकते आणि दुसऱ्या कोनात गायब होते. मग आत बसून त्याच जागी नख फिरवा. आतून गुळगुळीत लागलं तर मार बाहेरच्या काचेपुरता आहे. नख अडकलं तर भरण्याचा विषय संपला.

पाय वाढवतं कोण? मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात तापलेल्या काचेवर कुणी बादलीभर गार पाणी ओतलं, की बाहेरचा पृष्ठभाग झटकन आकसतो आणि टोक उघडं ओढलं जातं. तापलेल्या गाडीत शिरल्या शिरल्या एसीचा झोत थेट काचेवर सोडणं हा दुसरा उद्योग. सगळ्या खिडक्या बंद ठेवून दार आपटणं, स्पीडब्रेकरवर एकच चाक चढवणं, हेही त्यातलंच. आणि पावसाळा. पाण्याने नुसती घाण आत जाते असं नाही. ताणाखाली असलेल्या टोकाशी पाण्याचे रेणू काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडायला हातभार लावतात. त्यामुळे ओल्या काचेतला तडा कमी ताणातही इंचाइंचाने सरकतो. रात्री उभी केलेली गाडी आणि सकाळी लांबलेली रेघ, यात भुताटकी काही नाही.

तर टवका उडाला की पहिलं काम: गाडी बाजूला घेऊन त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. बस. धुवायची नाही, पुसत बसायचं नाही. मग एक-दोन दिवसांत भरून घ्या. भरणारा माणूस खड्ड्यावर सक्शनवर टेकणारा स्टँड बसवतो, आतली हवा आणि ओल खेचून घेतो, मग दाबाने रेझिन, म्हणजे पातळ पारदर्शक राळेसारखा पदार्थ, सोडतो. नीट चाललं असेल तर आतून बघताना पायांमधला काळपट-रुपेरी रंग टोकाकडे सरकत सरकत विरतो. ते बघण्यासारखं असतं. नंतर यूव्ही दिवा, वर आलेलं रेझिन ब्लेडने खरवडणं, पॉलिश, झालं. आधीच धूळ आणि पाणी शिरलेल्या खड्ड्यात मात्र रेझिन टोकापर्यंत पोचत नाही. घाईचं कारण एवढंच.

आणि कृपा करून टूथपेस्ट, नेलपॉलिश, फेविक्विक यांतलं काहीही भरू नका. फेविक्विक तोंडाशीच घट्ट होतं, पाय आतून उघडेच राहतात आणि खऱ्या रेझिनची वाट कायमची बंद होते. आतून ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ चिकटवून टवका झाकणारेही पाहिलेत. आशीर्वाद असू द्या, पण मग रेघ वाढतेय का ते दिसणार कसं?

भरल्यावर डाग अजिबात दिसणार नाही ही अपेक्षाही सोडा. पुसटशी खूण राहतेच. काम तडा पसरण्याला आळा घालण्याचं आहे, नवी काच देण्याचं नाही. त्याच कारणाने ड्रायव्हरच्या ऐन नजरेसमोरचा टवका भरावा की नाही याचा विचार करा. रात्री समोरून प्रखर दिवे आले की ती खूण नको तिथे चमकते. एरवी माझा ठोकताळा असा: रुपयाच्या नाण्याखाली झाकला जात असेल, कडेपासून दोन-तीन इंच लांब असेल आणि आतली काच शाबूत असेल, तर भरायचा. कडेचा असेल तर नाही, तिथे ताण मुळात जास्त असतो.

आता तडा. तो लांब असेल, कडेला पोचला असेल तर काच बदलायची आहे, यात वाद नाही. ड्रायव्हरच्या नजरेसमोर येत असेल किंवा आतूनही लागत असेल तर हायवेला गाडी काढू नका. एरवी काच अंगावर कोसळेल ही भीती बाळगू नका; मधला पडदा त्यासाठीच आहे. दोन-चार दिवस हळू चालवून नीट काच, नीट माणूस शोधायला तेवढी सवड मिळते.

कारण खरा घोळ बसवण्यात होतो. आजच्या गाड्यांत पुढची काच बॉडीला पॉलियुरेथेन नावाच्या गोंदाने चिकटवलेली असते आणि गाडीच्या ताकदीत तिचा वाटा असतो. शेजारच्या सीटची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत उघडताना याच काचेचा आधार घेते. ‘सिलिकॉन मारून देतो, अर्ध्या तासात गाडी न्या’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. किती तास गाडी हलवायची नाही ते बसवणाऱ्याला विचारा आणि तेवढं थांबा. पहिल्या दिवशी एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, वॉशिंग नको. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयचं चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक बघा. आरशामागे एडासचा, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन (पुन्हा अचूक जुळवणं) बिलात लिहिलंय का, तेही. स्वस्तात बसवलेल्या काचेत सगळ्यात आधी गाळलं जातं ते हेच.

विम्याचं पटकन. काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, शून्य धरतात; घसारा न कापणारं ‘झीरो डेप’ कव्हर नसलं तरी. पण सक्तीचा वजावट हिस्सा, म्हणजे आपल्या खिशातून भरायची रक्कम, असतोच: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, वर २,०००. टवका भरायला साधारण त्याच्याच आसपास पैसे लागतात, त्यासाठी क्लेम करून एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातली सूट, घालवणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. काच बदलताना मात्र हिशेब मांडा, आणि क्लेम करणार असाल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बघेपर्यंत फुटकी काच उतरवू देऊ नका.