गाडी उभ्या-उभ्या तापवू नका

नाशिकच्या थंडीत पहाटे सोसायटीत गाड्या १०-१० मिनिटं जागेवरच घुरघुरत असतात. ‘इंजिन तापल्याशिवाय गाडी हलवू नकोस’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या गाड्यांतला भाग) काळात बरोबरच होता. तेव्हा चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढूनही गाडी गचके खात बंद पडायची. आता इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट फवारणाऱ्या गाडीत सेन्सरच्या मदतीने पेट्रोलचं प्रमाण आपोआप ठरतं आणि ऑइल काही सेकंदांत वरपर्यंत पोचतं. उलट थंड इंजिन नुसतं चालू ठेवलं की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खालच्या ऑइलमध्ये मिसळतं. अर्धा मिनिट थांबा आणि निघा. तापमानाचा काटा वर येईपर्यंत ॲक्सिलरेटर हलका ठेवा, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) २५०० च्या आत. गिअरबॉक्स तर गाडी चालवल्याशिवाय नीट तापत नाही. बंद पार्किंगमध्ये मात्र गाडी चालू ठेवून थांबूच नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.