सोनं चलनामागे असणं आणि सोनं हातात मिळणं

५ एप्रिल २०२४ रोजी झिम्बाब्वेच्या रिझर्व्ह बँकेने ‘झिग’ हे नवं चलन आणलं. झिग म्हणजे झिम्बाब्वे गोल्ड. सुरुवातीला ते फक्त बँकखात्यांतच होतं, नोटा आणि नाणी महिनाअखेरीस आली. चलनामागे अडीच टन सोनं आणि दहा कोटी डॉलर असल्याचं बँकेने जाहीर केलं. भाव ठरला एका डॉलरला सुमारे साडेतेरा झिग. सहा महिनेही झाले नव्हते, तोवर २७ सप्टेंबरला बँकेनेच झिगचं अवमूल्यन करून त्याची किंमत ४३ टक्क्यांनी उतरवली. त्याच महिन्यात जगाच्या बाजारात सोन्याचा भाव मात्र उच्चांक गाठत होता.

सोनं चढत असताना सोन्याच्या आधारावरचं चलन कसं पडलं? कारण या चलनाबाबत दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जात होत्या. चलन काढणाऱ्याच्या तिजोरीत सोनं असणं ही एक. ते चलन पुढे करून ठरलेल्या भावाने सोनं मागण्याचा हक्क धारकाला असणं ही दुसरी. झिगपाशी पहिली होती, दुसरी नव्हती. हरारेतल्या दुकानदाराने झिग नेऊन दिले तर त्याला बँक सोनं देणार नव्हती. मग सोन्याचा भाव वाढला काय नि घटला काय, त्याच्या हातातल्या झिगला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आपल्याकडचं सोनेतारण कर्ज आठवा. बँक दागिने वजन करून स्वतःच्या तिजोरीत ठेवते आणि कर्ज थकलं तर लिलाव करते. म्हणजे तारण सावकाराच्या ताब्यात असतं. चलनात हे उलटं होतं. माल किंवा कष्ट देऊन चलन घेणारा खरं तर सावकार, पण सोनं राहतं ऋणकोच्या घरात. मागण्याचा हक्क नसेल तर अशा तारणाचा त्याला काय उपयोग?

डॉलरचंही असंच झालं. १९४४ च्या ब्रेटन वुड्स या आंतरराष्ट्रीय चलनकरारानंतर परदेशी मध्यवर्ती बँकांना ३५ डॉलरला एक औंस सोनं मिळत असे. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ती खिडकी बंद केली. सोनं कुठेही गेलं नाही, अमेरिकेकडे आजही आठ हजार टनांहून अधिक आहे. गेला तो फक्त हक्क.

रुपयाबद्दलही बराच गैरसमज आहे. नोटा काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेला किमान २०० कोटी रुपयांचा साठा ठेवावा लागतो आणि त्यात निदान ११५ कोटींचं सोनं लागतं. हा नियम १९५७ चा आहे. आजच्या चलनापुढे ही रक्कम नगण्य आहे, आणि नोटेवरचं गव्हर्नरांचं वचन रुपये देण्याचं आहे, सोनं देण्याचं नाही. मुंबई-नागपूरच्या तिजोऱ्यांतलं सोनं कामाला येतं ते परदेशी व्यवहारांत. १९९१ च्या जुलैत सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवून डॉलर उभे केले, ते त्या दोघांना सोनं चालत होतं म्हणून. १ डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी प्रायोगिक पातळीवर सुरू झालेला डिजिटल रुपयाही नोटेसारखंच रिझर्व्ह बँकेचं देणं आहे. डिजिटल झाल्याने त्याच्यामागचं सोनं वाढलं नाही की घटलं नाही.

धारकाला सोनं मागण्याचा हक्क असतो, अशा दुसऱ्या प्रकारचं उदाहरण म्हणजे पॅक्स गोल्ड हे डिजिटल टोकन. २०१९ मध्ये आलेल्या या टोकनात एका टोकनमागे एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम सोनं लंडनच्या तिजोरीत असतं आणि धारकाला ते मागता येतं. सोन्याच्या भावाबरोबर त्याचा भाव हलतो तो या हक्कामुळे. पण तिथल्या सळईचं वजन साधारण ४०० औंस, जवळजवळ साडेबारा किलो. सबंध सळई घ्यायची तर चारशेच्या वर टोकन हवीत. लहान धारकाच्या वाट्याला बहुधा बाजारात विकून पैसे घेणंच येतं. आणि माझ्या मते हे चलन नव्हेच, ही सोन्याची पावती आहे. हिने कोणी भाजी घेत नाही, कारण उद्या सोनं चढेल या आशेने माणूस ती जपून ठेवतो.

सोन्याऐवजी जमिनीच्या आधारावरच्या चलनाकडे वळलं की आधार आणि हक्क यांतला हा फरक आणखी ठळक होतो. सोन्याचा एक ग्रॅम दुसऱ्या ग्रॅमसारखा असतो, पण साताऱ्यातला एकर आणि जालन्यातला एकर सारखे नसतात. जमिनीवर बोजा चढतो, सातबाऱ्यावर बँकेचं नाव लागतं, पण शंभर रुपयांची जमीन कापून कोणाच्या हातावर ठेवता येत नाही.

फ्रान्सने तरीही जमिनीवर चलन उभं करून पाहिलं. १७८९ मध्ये चर्चच्या जमिनी सरकारजमा करून त्यांच्या आधारावर ‘असिन्या’ हे कागद काढले. सुरुवात ४० कोटी लिव्हरांची (लिव्हर हे तेव्हाचं फ्रेंच चलन) होती, १७९६ पर्यंत आकडा चार हजार कोटींच्या वर गेला. जमीन तेवढीच, कागद शंभरपट. मग ‘मांदा’ नावाचा नवा कागद आला, आणि तो दिला की लिलावाशिवाय, ठरलेल्या दराने थेट जमीन मिळू लागली. म्हणजे या वेळी हक्कही होता. तरी वर्षभरात तोही बुडाला. कागदाची किंमत पडत गेली, जमिनीचा दर तोच राहिला, आणि सटोडियांनी चांगल्या जमिनी मातीमोल भावात उचलल्या.

उलट जर्मनीचा रेंटेनमार्क हा जमिनीच्याच आधारावरचा चलनी कागद टिकला, आणि मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण वाटतं. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी तो आला, आणि एका रेंटेनमार्कला एक लाख कोटी जुने कागदी मार्क असा भाव ठरला. देशातल्या शेतजमिनी आणि उद्योगांवर बोजा चढवून त्याला आधार दिला होता. त्याच्या बदल्यात जमीन मिळत नव्हती, फार तर पाच टक्के व्याजाचे रोखे मिळत. मग लोकांनी तो घेतला कसा? कारण एकूण नोटांना २४० कोटींची मर्यादा होती, सरकारला त्यातून १२० कोटींहून जास्त कर्ज मिळणार नव्हतं, आणि राइश्सबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, सरकारी हुंड्यांवर पैसे छापणं त्याच दिवशी थांबवलं. डिसेंबरात सरकारने आणखी कर्ज मागितलं, तेव्हा हे चलन काढणाऱ्या रेंटेनबँकेने नकार दिला. जमिनीपेक्षा तो नकार जास्त कामाला आला.

व्हेनेझुएलाच्या ‘पेट्रो’ या डिजिटल टोकनाच्या बाबतीत असा नकार देणारं कोणी नव्हतं. २०१८ मध्ये जमिनीखालच्या, अजून न उपसलेल्या तेलाच्या नावाने सरकारने ते टोकन काढलं. धारकाला तेल कधीच मिळणार नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये ते बंद झालं.

अशी टोकन ज्यावर नोंदली जातात त्या ब्लॉकचेनने, म्हणजे अनेक संगणकांवर पसरलेल्या सामायिक नोंदवहीने, यातलं एक काम खरंच सोपं केलं आहे. किती टोकन काढली ते कोणालाही मोजता येतं, फ्रान्सच्या जनतेला ही सोय नव्हती. पण तिजोरीत सळई आहे का, तीच दोघांकडे गहाण तर नाही ना, हे संगणकाच्या साखळीला दिसत नाही. तिथे हिशेबतपासनीस लागतो, कायदा लागतो आणि दाद मागायला जागा लागते. मोबाइल ॲपवर विकलं जाणारं डिजिटल गोल्ड याच ठिकाणी कच्चं आहे. नाण्याच्या रूपात ते घरी मागवता येतं, पण ते सेबीच्या देखरेखीखाली येत नाही, असा इशारा या बाजार नियामक संस्थेनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. सेबीच्या चौकटीतल्या इलेक्ट्रॉनिक गोल्ड रिसीटमध्ये, म्हणजे तिजोरीतल्या सोन्याच्या डिजिटल पावतीत, मात्र तिजोरी सांभाळणाऱ्या संस्थेलाही सेबीकडे नोंदणी करावी लागते.