छोट्या सायंटिफिक मीटिंगचं मोल मोजायचं कसं? थोडी पार्श्वभूमी

पंचवीसेक, फार तर दीड-दोनशे संशोधक काही दिवस एका ठिकाणी राहतात, बोलतात, वाद घालतात आणि आपापल्या गावी जातात, आणि मग पैसे देणारे विचारतात की यातून निघालं काय. 1911 ला ब्रुसेल्समध्ये एका उद्योगपतीच्या पैशावर जेमतेम दोन डझन लोक प्रारण आणि क्वांटा (ऊर्जेचे ठरावीक छोटे हिस्से) या विषयावर जमले होते, तेव्हा पेपर आणि सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरमध्ये आलेले त्या कामाचे उल्लेख) मोजून किंमत ठरवायची पद्धतच नव्हती.

या विषयात सगळ्यात जास्त बोललं जातं ते जून 1947 बद्दल. न्यूयॉर्कजवळ शेल्टर आयलंडवर साधारण दोन डझन भौतिकशास्त्रज्ञ तीन दिवस बसले. तिथे हायड्रोजनच्या दोन ऊर्जापातळ्यांचं नवं मोजमाप सांगितलं गेलं, जुन्या सिद्धांतानुसार त्या एकसारख्या असायला हव्या होत्या पण प्रत्यक्षात सुमारे 1000 मेगाहर्ट्झचा फरक निघाला, आणि मीटिंगहून परतताना एकाने ट्रेनमध्येच त्याचं पहिलं गणित मांडलं, त्याच वर्षी ते छापूनही आलं. आता याचं श्रेय मीटिंगला किती द्यायचं? मोजमाप आधीच लॅबमध्ये झालेलं होतं, गणित करणारा आधीपासूनच तयारीचा होता, मीटिंगने फक्त दोघांना एका खोलीत आणलं. माझ्या मते ते "फक्त"च महत्त्वाचं आहे, पण कुठल्याही फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो.

खरी गुंतागुंत आहे ती गुप्ततेच्या नियमात. अमेरिकेत 1931 ला एका युनिव्हर्सिटीतल्या उन्हाळी बैठकांतून जी मालिका वाढली (सकाळी आणि रात्री सेशन, दुपार मोकळी), तिचा नियम आजही कडक आहे. तिथे जे काही सांगितलं जातं, मग ते भाषण असो, पोस्टर असो की चर्चा, ते त्या माणसाचं खाजगी बोलणं धरलं जातं. रेकॉर्डिंग नाही, स्लाइडचा फोटो नाही, परवानगीशिवाय छापील उल्लेख नाही. हेतू सरळ आहे, माणसाने अर्धवट, अजून न छापलेलं, कदाचित चुकीचंही काम न घाबरता दाखवावं. पण याचा परिणाम असा की मीटिंगचा कागदोपत्री माग उरतच नाही. कोणी तिथे ऐकलेल्या गोष्टीवरून आपला प्रयोग बदलला तर पेपरमध्ये त्या मीटिंगचं नाव बहुधा येत नाही, आणि मग मूल्यमापन करणारा सायटेशन शोधायला गेला की हाती शून्य लागतं. टीका करणारे म्हणतात की हा निमंत्रितांचा बंद क्लब आहे, बाहेरच्या तरुणाला दोन वर्षं उशिरा कळतं ते आतल्यांना आधीच माहीत असतं. हा आक्षेप मला पूर्ण खरा वाटतो. तरी नियम काढला तर लोक छापून झालेलंच परत वाचून दाखवतील, आणि त्यासाठी इतक्या लांब जायची गरज काय?

मधला रस्ता जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या गणिताच्या केंद्राने काढलाय. आठवड्याला साधारण पन्नास जण, जेवणाच्या टेबलावर जागा मुद्दाम बदलतात म्हणजे रोज तेच तेच चेहरे शेजारी येत नाहीत, आणि 2004 पासून भाषणांचे विस्तृत सारांश छापून येतात. जेवतानाच्या गप्पा मात्र त्यात नसतात.

काही मीटिंगचं फळ तर पेपर नसतंच. 1975 ला कॅलिफोर्नियात असिलोमारला साधारण 140 जणांनी डीएनए जोडणीच्या प्रयोगांसाठी सुरक्षेचे नियम मांडले, 1996 ला बर्म्युडात ठरलं की मानवी जीनोमचा डेटा 24 तासांत सगळ्यांसाठी खुला करायचा. हे पेपर मोजून कसं कळणार?

मोजायचा एक प्रामाणिक प्रयत्न वादळामुळे शक्य झाला. 2012 ला न्यू ऑर्लिन्समधली राज्यशास्त्राची मोठी वार्षिक परिषद ऐनवेळी रद्द झाली, त्यामुळे जे भेटले असते पण भेटले नाहीत अशांची तुलना करता आली, आणि एकत्र पेपर लिहिण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. एरवी अडचण हीच असते की बोलावलेले लोक आधीच चांगलं काम करणारे असतात, मग पुढचं यश मीटिंगचं की त्यांचंच? पण ती परिषद हजारोंची होती, तिथला निष्कर्ष तीस जणांच्या खोलीला जसाच्या तसा लागू होत नाही. 2020 मध्ये सगळंच स्क्रीनवर गेलं, भाषणं नीट पोचली, रात्री उशिरा फळ्यापाशी उभं राहून होणारं बोलणं गेलं, आणि विमानप्रवास वाचल्यामुळे प्रत्यक्ष भेटायचंच कशाला हा प्रश्न तेव्हापासून जोरात विचारला जातोय.